खांबेट्यांचा अभिप्राय

वाचनालयाच्या जिन्यात सीतालक्ष्मीबाईंनी दिनकर खांबेट्यांना गाठलं आणि त्यांचे आभार मानले. आभार कशाबद्दल हे कळल्यावर खांबेट्यांनी कठडा घट्ट धरला. रविवारची सकाळ होती. सून रुचिरा खाली फाटकाशी कुणा ओळखीच्या बाईशी बोलत थांबली होती आणि खांबेटे नेहमीसारखे पायऱ्या मोजत एकटेच वर निघाले होते. समोर एक मोठा जांभळा पदर आला, त्याच्यामागून मोगऱ्याचा वास, आणि पदराच्या वर, चेहरा असायचा तिथे, हल्ली सगळ्यांच्या चेहऱ्याच्या जागी असतो तो करडा डाग. "मी सीतालक्ष्मी, राव. मैलापूरची. सीडीवर पुस्तकें वाचतें ती," डाग म्हणाला. "तुम्ही वहींत लिहिलांत तें मी दोनदां वाचलें. 'आवाजात माया आहे, पुढचं पुस्तक लवकर यावं.' मज बहु संतोष झाला. आमच्या तंजावरी मराठीला महाराष्ट्रांतलें कोणी बरें म्हणत नाहींत. हांसतात. तुम्ही म्हटलांत, तेंही सही करून. म्हणून तिसरें पुस्तक घेतलें." आणि त्यांनी खांबेट्यांच्या हातात मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकलीची, पुडी ठेवली. ते "बरं, बरं" म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाच्या आवाजात माया असल्याचं लिहिलं नव्हतं, आणि या बाईबद्दल त्यांनी सुनेला जे लिहायला सांगितलं होतं ते त्यांना अक्षरन् अक्षर पाठ होतं. वाचन म्हणजे कीर्तन नव्हे. बाईंनी पुस्तकावर दया करावी.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मराठी मंडळाचं वाचनालय होतं. गुरुवारी आणि रविवारी उघडायचं, अडीच हजार पुस्तकं, त्यातली निम्मी कुणी तरी बदली होऊन जाताना टाकून गेलेली. तिथे दाराशी दोरीने बांधलेली एक जाड वही असे. पुस्तक परत करताना त्यात अभिप्राय लिहायचा, असा मंडळाचा फार जुना रिवाज. बाकीचे लोक "छान", "वाचनीय", "आवडले" असं लिहून सुटका करून घेत. खांबेटे मात्र बसून लिहीत. एका निवृत्त कलेक्टराच्या आत्मचरित्रावर त्यांनी लिहिलं होतं, "लेखकाने जिल्ह्यातले सगळे पूल बांधले, फक्त वाक्यं बांधायची राहिली." सातशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीवर, "पात्रं बोलत नाहीत, भाषणं करतात. घोडे तेवढे खरे वाटले." नऊ देश फिरून आलेल्या बाईंच्या प्रवासवर्णनावर, "चहा कुठे बरा मिळतो एवढं कळलं." एका कवितासंग्रहावर नुसतंच, "पानांवर जागा भरपूर." लोक पुस्तक घेण्याआधी वही उघडून खांबेटे काय म्हणतात ते बघत, आणि हसत, आणि मनातून थोडे घाबरतही. अंबत्तूरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. गो-नो गो गेज हातात घ्यायचं, भोकात घालून बघायचं. गेलं तर माल पास, नाही गेलं तर लाल रंगाचा फराटा. माल कुणी केला, त्याच्या घरी काय अडचण आहे, तो रात्री जागून आलाय का, हे गेजला ठाऊक नसतं. खांबेट्यांना गेजचा हा गुण फार आवडे. आपणही असंच असावं असं त्यांना वाटे, आणि बहुतेक वेळा ते तसेच असत. मंडळात त्यांना माणसं कमी होती. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, निदान वाटत नाही असं ते म्हणत.

मग दीड वर्षापूर्वी डोळे गेले. गेले म्हणजे काळोख नाही झाला. तसं झालं असतं तर एक वेळ बरं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला, डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील. आणि कडेचं दिसत राहिलं. पंख्याची पाती, दाराची चौकट, पानाचा समास. ज्या शब्दाकडे बघावं तेवढाच नेमका पुसला जाई आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द खुळ्यासारखे उभे राहत. तेव्हाच मंडळातल्या आयटीवाल्या पोरापोरींनी पुस्तकं सीडीवर वाचायचा उपक्रम काढला. खांबेट्यांनी त्या सगळ्या सीड्या ऐकल्या आणि बहुतेक सगळ्यांना लाल फराटा ओढला. मंडळाचे एक डॉक्टर विनोदी लेख असे वाचत की रोग्याला निदान सांगताहेत. एक तरुण गृहस्थ वाक्याचं क्रियापदच गिळून टाकत, त्यामुळे कादंबरीतल्या कुणी काही केलंय असं शेवटपर्यंत कळत नसे. एका सीडीत नायिका निरोप घेत असताना मागे कुकरच्या तीन शिट्ट्या होत्या, खांबेट्यांनी सांगितलं, "लिही, शिट्ट्या योग्य जागी आल्या." रुचिरा लिहून घेई. रविवारी वाचनालयात वही पुढ्यात ओढायची, ते सांगतील तशी पेन चालवायची, आणि मग त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवायची. खांबेटे तिथे सही करत. चौदा महिने त्यांनी अशा सह्या केल्या होत्या.

वर जाऊन ते पंख्याखालच्या खुर्चीत बसले. ही खुर्ची हल्ली त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असे. ग्रंथपाल उमाकांत त्यांना बघून उठून उभा राहिला, "या काका," म्हणाला, पाणी आणून दिलं. कुणी तरी विचारलं, पाठदुखी कशी आहे. मागच्या गणपतीत त्यांच्या हातून बक्षिसं वाटली होती. संक्रांतीला तीन घरांतून तिळगूळ आला होता, आणि त्यांना वाटलं होतं, डोळे गेले म्हणून लोकांना कणव आली. कणव ते सोसू शकत होते. ती डोळ्यांवर होती, त्यांच्यावर नव्हती. आता पुडी मांडीवर ठेवून बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की ही खुर्ची, ते पाणी, तो तिळगूळ सगळं त्या दुसऱ्या खांबेट्याला मिळालं होतं. वहीत राहणाऱ्या, गोड बोलणाऱ्या, डॉक्टरांनी वेळात वेळ काढून वाचलं म्हणून बहुधा आनंद मानणाऱ्या कुणा भल्या म्हाताऱ्याला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना हे सगळं आवडलं होतं. तिळगुळाचा डबा उघडताना आपण खूश झालो होतो हे त्यांना स्पष्ट आठवलं, आणि अंगावरून झुरळ गेल्यासारखं वाटलं. "अभिप्राय लिहायचाय ना बाबा?" रुचिरानं येऊन विचारलं. ते म्हणाले, "आज नको." ऑटोत बसून ते घरी निघाले. पुरसवाक्कमचा रविवारचा गोंगाट दोन्ही कडांनी सरकत होता आणि मधे करडं होतं.

दुपारी त्यांचा मुलगा गंधार झोपला. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस त्याला सोमवार ते शनिवार पहाटे उचलून नेई, म्हणून रविवारची झोप त्याला कुणी मोडू देत नसे. रुचिरा ओट्याशी शेवग्याचा पाला निवडत होती. खांबेटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"किती बदललेस?"

रुचिराचे हात थांबले. काय, कुठले, असं तिनं विचारलं नाही. "सगळे," ती म्हणाली.

"सगळे."

"हो बाबा. पहिल्यापासून."

"खाली सही माझी आहे."

"तुम्हीच केलीत. मी फक्त जागा दाखवली." मग तिलाच ते बरं वाटलं नसावं. ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलंत तसंच लिहायला घेतलं होतं मी. डॉक्टरांच्या सीडीबद्दल. अर्ध्यात आले आणि हात पुढे जाईना. ती माणसं फुकट वाचतात हो. ऑफिस करून, घरचं करून. तुमच्यासाठी वाचतात."

"माझ्यासाठी कशाला? वाचनालयासाठी."

"त्या सीड्या दुसरं कुणी नेत नाही, बाबा. उमाकांतला विचारा. पहिल्यापासून एकाच माणसाच्या नावावर जातात." खांबेट्यांना हे ठाऊक नव्हतं. ते चौकटीला टेकले. रुचिरा म्हणाली, "तुम्ही सांगता ते खोटं असतं असं नाही. पण त्यानं काय होतं? गंधारनं मला आईंचं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"कथेचं."

ते वळले आणि आपल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. सुनेशी भांडायला त्यांच्याजवळ पुष्कळ होतं. तिनं विश्वासघात केला होता, आंधळ्याच्या हातून कोऱ्यासारख्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. कोर्टात गेलं तर न्यायाधीशानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला असता. पण बायकोचं, गोदाचं नाव निघालं की खांबेट्यांचं वकीलपत्र कुणी घेत नसे. एकोणऐंशी सालची गोष्ट. मंडळानं दिवाळीला हस्तलिखित अंक काढला होता आणि गोदानं त्यात कथा दिली होती, त्यांना न दाखवता. एका बाईची कथा, मद्रासला नवी आलेली, जिला भाषा येत नाही म्हणून ती दिवसभर घरातल्या भांड्यांशी बोलते. सगळ्यांनी वहीत "छान" लिहिलं. खांबेट्यांनी ती कथा दोनदा वाचली, रात्रभर विचार केला, आणि त्यांना वाटलं, बायकोसाठी गेज वाकवलं तर उद्या कुणाच्या तोंडाकडे बघून फराटा ओढायचा? त्यांनी लिहिलं, "भाषा स्वच्छ. कथा नाही." खाली सही केली. ते खरं होतं, हे त्यांना आजही शपथेवर सांगता आलं असतं. कथा खरोखरच नव्हती, नुसता एक दिवस होता. गोदानं ते वाचलं, वही मिटली, घरी येऊन साबुदाणा भिजत घातला. रुसवा नाही, अबोला नाही. फक्त त्यानंतर ती जे वाचायची त्याबद्दल काही बोलायची नाही. चांगलं वाचायची, त्यांच्यापेक्षा जास्त वाचायची. "कसं होतं?" त्यांनी विचारलं की "होतं" म्हणायची आणि पुस्तक परत करायच्या पिशवीत ठेवायची. बावीस वर्षं. शेवटी दवाखान्यात, उशाशी एक कादंबरी होती, निम्मी झालेली, त्यांनी विचारलं होतं, कशी आहे गं. ती म्हणाली होती, आहे. तिला पुस्तकं कशी वाटत होती हे त्यांना कधी कळलंच नाही, आणि आपल्या घरात आपल्याहून बारीक नजरेचा कुणी वाचणारा बावीस वर्षं गप्प बसला होता, हा संशय त्यांना ती गेल्यावर यायला लागला. संशय आला तरी त्यांनी ते वाक्य मनातून कधी खोडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

सोमवारी घर रिकामं झाल्यावर त्यांनी सीतालक्ष्मीबाईंच्या तिसऱ्या पुस्तकाची सीडी लावली. ही कादंबरी त्यांनीच उमाकांतकडे मागितली होती. एका लहान बंदरातल्या तार-मास्तराची गोष्ट, लेखक दोन पुस्तकं लिहून नाहीसा झालेला, बाजारात प्रत मिळायची नाही. वाचनालयात एक होती, पान उलटलं की तुकडा पडेल अशी. खांबेट्यांनी ती एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीला एका बैठकीत वाचली होती आणि आपण वाचणारा माणूस आहोत हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. गंमत अशी की शेवट त्यांना आठवत नव्हता. बंदर बंद पडतं, तारेचं ऑफिस बंद पडतं, मास्तरकडे एक शेवटची तार येते कुणासाठी तरी, आणि तो ती पोचवतो की नाही, हे डोक्यातून साफ गेलं होतं. वीस प्रकरणं. बाईंनी अकरा वाचून दिली होती. "प्रकरण सातवें," सीडीतून आवाज आला, आणि लगेच तो सूर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी बाई उतरायच्या नाहीत, चढायच्या. शेवटचा शब्द जरा लांबवायच्या, तंजावरकडची कीर्तनकार बाई पूर्वरंग संपवताना लांबवते तसा. पान उलटताना सुस्कारा. मागे कुठे तरी देवळाची घंटा, एक कावळा. लेखकाचं वाक्य होतं, "तो गेला." दोन शब्द, कोरडे, लेखकानं मुद्दाम कोरडे ठेवलेले. बाईंनी ते असे वाचले की गेलेल्याच्या मागे बायको आहे, मुलं आहेत, वर्षश्राद्धाची तयारी आहे. मग थांबल्या, आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. खांबेट्यांनी यंत्र बंद केलं. पुन्हा लावलं. दुपारपर्यंत त्यांनी त्या पुस्तकाच्या तिन्ही तबकड्या पुन्हा ऐकल्या. चीड येत होती आणि ते ऐकत होते. कारण दुसरं काय होतं? घरात कुणी मराठी वाचून दाखवत नव्हतं. नातवाला देवनागरी येत नव्हती, गंधार पेपर इंग्रजी वाचायचा. या बाईंचा गळा बंद झाला की पुस्तक नावाची वस्तू त्यांच्यापुरती बंद होणार होती, हे त्यांना सोमवारीच पुरतं कळलं होतं. तीन दिवस ते स्वतःला सांगत राहिले की गप्प बसावं. नऊ प्रकरणं ऐकावीत, शेवट कळावा, मग बघू. आणि तीन दिवस त्यांना ती वही दिसत होती, स्पष्ट, डाग वगैरे काही नसलेली. तीत त्यांच्या सहीखाली, नव्हे सहीच्या वर, तो भला म्हातारा बसून सगळ्यांना शाबासकी देत होता. आपण मेल्यावर लोक ह्यालाच आठवतील. एवढं एकच आयुष्यात खरं केलं होतं. माणसं गमावून केलं होतं. गोदाला गमावून केलं होतं. तेही खोटं ठरणार असेल तर मग ती बावीस वर्षं कशासाठी, असं त्यांना वाटलं, आणि तिथे त्यांचा विचार दर वेळी अडायचा.

गुरुवारी संध्याकाळी वॉचमनकडून ऑटो बोलावून ते एकटे एग्मोरला गेले. उमाकांतला वही काढायला सांगायची, त्याच्याकडून लिहून घ्यायचं. उमाकांत सरळ माणूस, सांगितलेलं लिहितो. जिना चढून ते आत गेले आणि मोगऱ्याचा वास आला.

"या राव," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या. "उमाकांत पुण्यास गेले, भाचीचें लग्न, रविवारीं येतील. आज मी बसलें." खुर्ची ओढल्याचा आवाज. "पंखा लावतें. कॉफी पाहिजेल काय? फ्लास्कांत अहे."

"दुसरं कोणी नाही?"

"इल्लै, राव. गुरुवारीं कोण येतें."

खांबेटे बसले. इथून परत जाता आलं असतं. रविवारी उमाकांत येणार होता, तीन दिवसांत काही वही पळून जात नव्हती. त्यांनी तसा विचार केला, नाही असं नाही. मग त्यांना वाटलं, पेन कुणाच्या हातात आहे हे बघायला लागलो तर मग रुचिरात आणि आपल्यात फरक काय राहिला. असा विचार फक्त खांबेट्यांनाच सुचू शकतो, आणि तो त्यांना अगदी न्यायाचा वाटला. "बाई, वहीत लिहायचंय," ते म्हणाले. "मी सांगतो. तुम्ही लिहाल?"

"लिहितें की. तीस वर्षें मुलांना हिंदीचें शुद्धलेखन घातलें, आतां मज कोणी घालूं दे." त्या हसल्या. दोरी ताणल्याचा, पान उलटल्याचा आवाज झाला. "सांगा."

"गेल्या चौदा महिन्यांतले माझ्या सहीचे सर्व अभिप्राय माझे नाहीत. ते रद्द समजावेत."

पेन चालत होतं. मग थांबलं. कावळा कुठे तरी ओरडत होता, खाली ऑटोंचे भोंगे. "सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे."

"म्हणजे माया अहे म्हणून लिहिलें, तें."

"तेही."

"सुनेनें लिहिलें?"

"हो."

"चांगली पोर ती," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते वाक्य पुरं केलं. खांबेट्यांना वाटलं, एवढ्यावर थांबावं. रद्द झालं, पुरे. नवीन काही लिहायलाच हवं असं कुठे आहे? ओठांवर "बस" हा शब्द आलाही होता. पण बाईंनीच विचारलं, "मग माझ्या वाचण्याविषयीं काय लिहूं? तुमचें काय तें सांगा. तुमच्या तोंडून कळूं दे." आवाजात राग नव्हता. विचारणाऱ्याला खरं उत्तर हवं होतं, आणि चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. गोदानंसुद्धा नाही. त्यांना एकदम मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणात ते बोलून गेले.

"लिहा. वाचन म्हणजे कीर्तन नव्हे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर ओढल्यामुळे लेखकाचं कोरडं वाक्य ओलं होतं. पुस्तकातला माणूस मरतो तिथे वाचणारीने रडू नये. तो ऐकणाऱ्याचा हक्क आहे. बाईंनी पुस्तकावर दया करावी."

बाई लिहीत होत्या. एकही शब्द त्यांनी पुन्हा विचारला नाही, एकही बदलला नाही. पेनचा आवाज सारखा, संथ, कुठे न अडखळणारा. "वाचून दाखवितें. चुकलें असेल तर सांगा." आणि त्यांनी वाचलं. पहिल्या शब्दापासून खांबेटे ताठ झाले. सूर नव्हता. वाक्य संपलं तिथे संपत होतं. "दया करावी" हे त्यांनी असं वाचलं की त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही. जसं लिहिलं होतं तसंच्या तसं ते खोलीत येऊन उभं राहिलं. इतकं चोख वाचन त्यांनी एकाही सीडीवर ऐकलं नव्हतं.

"हे," ते म्हणाले. त्यांना बोलायची घाई झाली. "हे आत्ता वाचलंत तसं, बाई. अगदी असंच वाचायचं. तुम्हाला येतं."

"येतें की, राव." वही मिटल्याचा आवाज नाही आला, अजून सही व्हायची होती. "तीस वर्षें हिंदी तसेंच वाचून दाखविलें. परकी भाषा तशी वाचतां येते. घरची तशी वाचवत नाहीं."

त्यांनी खांबेट्यांचं बोट धरलं आणि कागदावर टेकवलं. खांबेट्यांनी सही केली. तीच सही, पूर्वीसारखीच, शेवटी आडवी रेघ. एवढं सगळं झाल्यावर काही तरी भरून यायला हवं होतं, जे गमावलं होतं ते मिळालं असं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. खांबेटे म्हणाले, "तार-मास्तराची नऊ प्रकरणं राहिलीत."

"उमाकांतांना सांगतें. दुसरें कोणी वाचतील."

दुसरं कोणी नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं. तरी खांबेटे म्हणाले, "शेवट तरी सांगा. तो तार पोचवतो का?"

"मज काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "मी पुढचें वाचीत नाहीं. ज्या दिवशीं रेकॉर्ड करायचें त्या दिवशींच वाचतें. एकदम तुमच्याबरोबर कळावें म्हणून." आणि लगेच, त्या बोलण्याची लाज वाटल्यासारख्या, उठून त्यांनी फ्लास्कचं झाकण लावलं, खिडकी ओढून घेतली. "सेरि, चला. तुम्हांस खालीं नेऊन सोडतें. उजेड कमी झाला."

जिन्यात त्या एक पायरी पुढे उतरत होत्या आणि दर पायरीला थांबत होत्या. खांबेट्यांनी दोनदा तोंड उघडलं. माफ करा म्हणायचं होतं, पण कशाबद्दल? लिहिलं होतं त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यातलं काहीही मागे घ्यायचं झालं तर तोच भला म्हातारा पुन्हा उठून बसला असता. आणि वाचा हो, कसंही वाचा, रडा, सूर ओढा, पण वाचा, हे वाक्य त्यांच्या घशात तयार होतं, नीट बांधलेलं, आणि ते त्यांच्याकडून बाहेर पडलं नाही. फाटकाशी बाईंनी ऑटो थांबवला. खांबेटे आत बसले, काठी पायांत धरली. मग बाई वाकून ऑटोवाल्याशी तमिळमध्ये बोलायला लागल्या. अण्णा, सावकाश न्या, यांना डोळ्यांना दिसत नाही. पुरसवाक्कमला, देवळाच्या पलीकडच्या गल्लीत. घराच्या दारापर्यंत सोडा, आत गेले की मगच निघा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज चढत होता, शेवटचा शब्द लांबत होता, आणि त्यात सगळं होतं, काळजी, धाक, आर्जव, कुणी तरी आपलं माणूस लांब जातंय असं काही तरी. खांबेटे कान देऊन ऐकत राहिले. त्यांना वाटलं, बाईंनी आणखी बोलावं, सगळा रस्ता सांगावा, वळणं सांगावीत, सांगतच राहावं. ऑटोवाल्यानं इंजिन सुरू केलं, आणि बाईंचं पुढचं वाक्य काही ऐकू आलं नाही.